पहिल्या पगारापासून पहिल्या पन्नास हजारांपर्यंत: नाशिकमध्ये नव्याने कमावणाऱ्यांसाठी

अंबड-सातपूरच्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेला मुलगा असो, कॉलेज रोडच्या क्लासमध्ये शिकवणारी मुलगी असो की सिन्नरला कॉन्ट्रॅक्टवर जाणारा डिप्लोमावाला, पहिल्या दोन-तीन वर्षांत पैशाचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी बाईकचा हप्ता सुरू होतो, मग मोबाईलचा, मग ओळखीतल्या एजंटची पॉलिसी. हातात शिल्लक काहीच नसते, आणि घरात कोणी आजारी पडलं की ॲपवरून कर्ज काढावं लागतं. त्याच पगारात क्रम बदलला तर बराच फरक पडतो. आधी स्लिप समजून घ्या, मग तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा, मग विमा, मग हप्ते आटोक्यात आणा, आणि गुंतवणूक त्यानंतर.

खालचे आकडे २४,००० रुपये ग्रॉस (कपातीआधीचा) पगार धरून मांडले आहेत. तुमचे आकडे घालून कागदावर पुन्हा मांडा, मोबाईलवर नुसतं वाचू नका.

पगाराची स्लिप ओळीओळीने वाचा

ऑफर लेटरवरचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) हा हातात येणारा पगार नसतो. त्यात कंपनीने भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ग्रॅच्युइटीची (सेवेच्या शेवटी मिळणाऱ्या रकमेची) तरतूद, कधी गटविम्याचा हप्ताही धरलेला असतो. म्हणून मुलाखतीत विचारायचा प्रश्न एकच: "सगळं कापून खात्यात किती येणार?"

२४,००० ग्रॉसमध्ये बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,००० असेल तर पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कापला जातो. कंपनीही तेवढेच भरते, पण तिच्या वाट्यातले ८.३३ टक्के (इथे १,१६६ रुपये) पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५१४ तुमच्या पीएफमध्ये जमा होतात. पासबुकात दोन्ही वाटे सारखे दिसत नाहीत म्हणून घाबरून जाणारे खूप असतात. कारण एवढंच आहे.

व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना मात्र महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हा कर नाही. छोट्या ऑफिसांत जुन्या सवयीने मुलींचेही २०० कापले जातात. स्लिपवर दिसले तर एचआरला लेखी विचारा.

ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) मर्यादा २१,००० रुपयांची. त्याच्या आत पगार असेल तर ०.७५ टक्के कापले जातात, २०,००० पगाराला १५० रुपये. त्या बदल्यात तुम्हाला आणि घरच्या अवलंबितांना उपचार मिळतात, आजारपणाच्या रजेचा भत्ताही मिळतो. पगार २१,००० च्या वर गेला की हे संरक्षण लगेच संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा जो सहामाही काळ चालू असेल तो संपेपर्यंत ते टिकतं. स्वतःचा आरोग्य विमा या काळातच काढून ठेवायचा.

आपल्या उदाहरणात ईएसआयसी नाही. म्हणजे मुलाच्या हातात २४,००० वजा १,६८० वजा २००, असे २२,१२० रुपये येतील.

पीएफ: स्लिपवर कापला म्हणजे भरला असं नाही

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. स्लिपवर कपात दिसते, पण खात्यात पैसे येत नाहीत, असं होतं. वर्षभराने कळलं तर तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि मग धावाधाव आपल्या वाट्याला येते.

यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) सुरू करून आधार, पॅन आणि बँक खातं जोडून घ्या. मग दर महिन्याच्या २० तारखेनंतर नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक एसएमएसने येते. उमंग ॲपवर पासबुकही दिसतं. सलग दोन महिने नोंद नसेल तर स्लिपचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट आणि गेटपास किंवा ओळखपत्राची प्रत जमवून पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. स्लिपच मिळत नसेल तर पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट हाच तुमचा पुरावा. म्हणून पगार रोखीत घेऊ नका.

आधार, पॅन आणि बँकेतलं नाव अक्षरशः सारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाही, जन्मतारखेत एक दिवसाचा फरक, एवढ्यावरून दावे परत येतात. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच सोपी असते, कारण त्यात कंपनीची संमती लागू शकते.

ई-नॉमिनेशन (ऑनलाइन नामनिर्देशन) भरा. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं, ते नव्याने करायचं. पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमाही असतो. त्यात कर्मचाऱ्याचा एक रुपयाही कापला जात नाही आणि सेवेत असताना मृत्यू झाल्यास वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. घरच्यांना हे माहीतच नसतं म्हणून दावा केला जात नाही. आज रात्री जेवताना आई-वडिलांना सांगून ठेवा.

महिन्याचा हिशोब

२२,१२० रुपयांचा एक नमुना घेऊ. सिडकोत तिघांत खोली, भाड्याचा आणि विजेचा वाटा ४,५००. मेस ३,५००. पेट्रोल आणि गावी जाणं-येणं १,८००. मोबाईल ३५०. घरी ३,०००. कपडे, चहा-नाश्ता, औषधं, सिनेमा असं सगळं २,५००. बेरीज १५,६५०. उरले ६,४७०.

यातले ४,००० पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडीत (दरमहा भरायच्या बँक ठेवीत) आपोआप वळते करा. १,२५० वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात टाका. बाईकचा विमा २,०००, सर्व्हिसिंग आणि टायर ३,०००, आरोग्य विमा ६,०००, दिवाळी आणि लग्नाचे आहेर ४,०००, असे वर्षाचे १५,००० होतात. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात. त्यांची सोय नसली की क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. राहिलेल्या १,२२० पैकी १,००० एसआयपीसाठी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक; ती कधी सुरू करायची ते पुढे आहे) आणि २२० सुटे.

तुमचे आकडे वेगळे निघतील. घरी राहत असाल तर भाडं नाही, पण मग घरी देण्याची रक्कम वाढवा आणि ती ठरलेल्या तारखेलाच द्या. मागेल तेव्हा मागेल तेवढं दिलं तर घरच्यांनाही हिशोब लागत नाही आणि तुम्हालाही.

नोकरी बदलताना पेट्रोलचं गणित विसरू नका. सिडकोत राहून सिन्नरच्या एमआयडीसीत जायचं तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरा. महिन्याचे २६ दिवस म्हणजे १,५६० किलोमीटर. बाईक लिटरला ५० देत असेल तर ३१ लिटरच्या वर पेट्रोल लागतं, १०५ रुपये दराने जवळपास ३,३००. अंबडची नोकरी सोडून सिन्नरला अडीच हजार जास्त मिळतात म्हणून गेलात तर ती वाढ पंपावरच जाईल, टायर आणि रोजचा दीड तास वेगळाच. कंपनीची बस आहे का, ती तुमच्या थांब्यावर येते का आणि ओव्हरटाइम झाल्यावर परतायची सोय काय, हे आधी विचारा.

खोली घेताना भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणी ऑनलाइन होते. डिपॉझिटची रक्कम करारात लिहिलेली हवी आणि ती बँकेतून द्यायची. चावी घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून आधीची थकबाकी बघा. डिपॉझिट परत घेताना सर्वात जास्त वाद याच बिलावरून होतात.

तीन महिन्यांचा खर्च कुठे ठेवायचा

१५,६५० च्या हिशोबाने तीन महिन्यांचे ४७,००० होतात. दरमहा ४,००० टाकले तर वर्षात ४८,००० जमतात. ही रक्कम पूर्ण होईपर्यंत नवा हप्ता घ्यायचा नाही, एवढा एक नियम पाळा. यातले १०,००० बचत खात्यात, बाकीचे आरडी किंवा छोट्या-छोट्या एफडीत. ४७,००० ची एकच एफडी केली तर आठ हजारांच्या गरजेसाठीही सगळी मोडावी लागू शकते. दहा-दहा हजारांच्या केल्या की लागेल तेवढीच मोडता येते.

पैसे कुठे ठेवता हे फार महत्त्वाचं आहे आणि आपल्या जिल्ह्यात तर जास्तच, कारण इथे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, मग ती राष्ट्रीयीकृत असो की सहकारी, प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना डीआयसीजीसीचा (ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही. नावात 'को-ऑपरेटिव्ह' आहे, काउंटर बँकेसारखा आहे, पासबुकही तसंच आहे, म्हणून ती बँक ठरत नाही. दारावर डीआयसीजीसीची पाटी आहे का ते बघा, आणि नसेल तर शाखाधिकाऱ्याला थेट विचारा.

पतसंस्था वाईट असते असं म्हणायचं नाही. अडीनडीला ज्यांना बँक उभं करत नाही त्यांना तिथेच कर्ज मिळतं, आणि नीट चालणाऱ्या संस्थाही आहेत. पण अडचणीसाठी राखलेला पैसा एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी तिथे ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. संस्था अडचणीत आली की ठेवी अडकतात, आणि त्या नेमक्या आपल्याला लागतात तेव्हाच मिळत नाहीत. तरीही खातं काढायचं असेल तर मागच्या तीन वर्षांचा ऑडिट वर्ग विचारा. अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वार्षिक अहवालात ते छापलेलं असतं. थकीत कर्जाचं प्रमाणही त्याच अहवालात मिळतं. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

पिग्मी म्हणजे रोजची छोटी बचत, जी गोळा करायला एजंट दुकानावर किंवा खोलीवर येतो. रोजंदारीवाल्यांना, टपरीवाल्यांना ती सोयीची आहे. एजंटच्या वहीवरच्या सहीवर विसंबू नका. प्रत्येक भरण्याची छापील पावती किंवा एसएमएस घ्या आणि महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून आणा. मुदतीआधी मोडल्यावर किती कापणार, हे पहिल्याच दिवशी विचारा.

भिशीचंही तसंच आहे. कंपनीतल्या दहाजणांची, चिठ्ठी काढायची आणि बोली न लावणारी भिशी ही सक्तीची बचत आहे, महिना हजार-दोन हजारांपर्यंत ठीक. बोलीची भिशी वेगळी. समजा २० जण २,००० टाकतात, ४०,००० ची रक्कम होते. गरजू माणूस ३२,००० वर उचलतो आणि सोडलेले ८,००० सगळ्यांत ४००-४०० वाटले जातात. उचलणाऱ्याला ते कर्ज महाग पडतं, आणि त्याने पुढचे हप्ते बुडवले तर बाकीच्यांकडे हातात कागद नसतो.

जामीनकीची सही

"फक्त सही कर, कागद पूर्ण करायचा आहे." मित्र, मामेभाऊ, शिफ्टमधला सहकारी, कोणीतरी हे म्हणणारच. पगाराची स्लिप असलेला तरुण जामीनदार संस्थांना हवाच असतो, कारण त्याच्या पगारातून वसुली करता येते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराचं घर विकावं आणि मगच तुमच्याकडे यावं, असा नियम नाही. राज्यातल्या पतसंस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, आणि त्यानंतर पगारावर, गाडीवर, खात्यावर जप्ती येऊ शकते. वरून सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल) ते थकीत कर्ज तुमच्या नावापुढे दिसतं आणि पाच वर्षांनी स्वतःचं गृहकर्ज मागायला गेलात की तिथे अडतं.

म्हणून रक्कम विचारा, आणि ती सगळी आपल्याला फेडता येईल का, फेडायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. दोन्हींचं उत्तर हो असेल तरच सही. नाही म्हणणं जड जात असेल तर जमेल तेवढे दोन-पाच हजार स्वतः द्या आणि ते परत येणार नाहीत असं धरून द्या. नातं त्याने जास्त टिकतं.

सही आधीच झाली असेल तर करारनाम्याची प्रत मागून घ्या. दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा लेखी मागा. पहिला हप्ता चुकला की लगेच कर्जदाराच्या घरी जा, सहा महिने थांबू नका. जामीनदार बदलता येतो, पण त्याला संस्थेची लेखी संमती लागते. कर्जदाराने "तुझं नाव काढलं" असं तोंडी सांगून भागत नाही.

हप्त्यांचा खरा दर

शोरूममधला माणूस म्हणतो, "दहा टक्केच आहे." बहुतेक वेळा तो फ्लॅट दर असतो. ९०,००० चं बाईक कर्ज, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट: वर्षाला ९,००० प्रमाणे २७,००० व्याज, एकूण १,१७,०००, महिन्याचा हप्ता ३,२५०. यात व्याज तीनही वर्षं पूर्ण ९०,००० वर लावलेलं आहे, पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडत आहात. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळपास १८ टक्के येतो. बँकेचं १२ टक्के घटत्या दराचं कर्ज त्याहून कितीतरी स्वस्त, पण बोलताना दहा कमी वाटतात आणि माणूस तिथेच फसतो.

१ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या प्रत्येक किरकोळ कर्जात बँकेने किंवा फायनान्स कंपनीने की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर. तुलना त्याच आकड्याची करा. सोबत मुदतीआधी फेडल्यास दंड किती आणि हप्ता परत गेल्यास दंड किती, हेही त्याच कागदावर बघा. कर्जात न सांगता विमा जोडलेला असतो, तो नको असेल तर सही करण्याआधी काढायला सांगा.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे गाडी मोकळी झाली असं समजू नका. फायनान्स कंपनीकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घ्या आणि आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) बोजा परिवहन पोर्टलवरून किंवा पेठ रोडच्या आरटीओत उतरवून घ्या. एनओसीला मुदत असते. ती कपाटात ठेवून गाडी विकायच्या वेळी शोधली की पुन्हा हेलपाटे.

क्रेडिट कार्डाचं एकच सांगणं: पूर्ण बिल भरता येत असेल तरच वापरा. २०,००० थकले आणि दर महिना ३.५ टक्के असेल तर एका महिन्याचं व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, असे ८२६ रुपये गेले. वर्षाला ४२ टक्के. 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज चालूच राहतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

ॲपवरच्या कर्जाचं गणित त्याहून वाईट. १०,००० मंजूर, १,२०० आधीच कापले, हातात ८,८००, तीस दिवसांनी परत १०,३००. ८,८०० वर महिन्याला १,५०० म्हणजे महिना १७ टक्के. ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कोणती बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) आहे ते बघा. अशा ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागणारं ॲप उघडताच काढून टाका, कारण वसुलीच्या वेळी तेच नंबर धमक्यांना वापरले जातात.

सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा मागवा. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथेच ऑनलाइन तक्रार नोंदवता येते.

विमा

आधी स्वस्तातले दोन घ्या. बँकेतूनच प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत अपघाताचे २ लाख, आणि जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. मे महिन्यात खात्यात ५०० रुपये ठेवायची आठवण मोबाईलवर लावा.

आरोग्य विमा घेताना खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर फक्त खोलीचा फरक नाही, डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचं बिलही त्या प्रमाणात कापलं जाऊ शकतं. आधीचा आजार लपवू नका, दावा नाकारायला तेच कारण पुरतं. रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण फक्त यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या आजारांना. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आजच बघून ठेवा.

नातेवाईक एजंटची 'बचत अधिक विमा' पॉलिसी घेण्याआधी एक हिशोब करा. वर्षाला २४,००० प्रमाणे वीस वर्षं भरले, म्हणजे ४.८ लाख, आणि शेवटी ८ लाख मिळाले. ऐकायला छान वाटतं, पण परतावा पाच टक्क्यांपेक्षाही कमी पडतो, आणि विम्याची रक्कमही घर चालवायला पुरत नाही. तुमच्यावर कोणी अवलंबून असेल तर नुसता टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) घ्या. घेऊन पस्तावलात तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

एसआयपी, थोडक्यात

तीन महिन्यांची शिल्लक निम्मी झाली की पाचशे-हजाराने सुरू करा. एखादा साधा इंडेक्स फंड (शेअर निर्देशांकाप्रमाणे गुंतवणारा म्युच्युअल फंड), डायरेक्ट प्लॅन (एजंटशिवाय थेट घेतलेला), पगाराच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांची तारीख. खात्यात पैसे नसताना हप्ता मागितला गेला तर बँक दंड लावते, आणि हजाराच्या एसआयपीवर काही शेकड्यांचा दंड म्हणजे पूर्ण नुकसान. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा यात टाकू नका. पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) भरत असाल तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण त्या महिन्याचं व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वात कमी शिलकीवर मिळतं.

ऑप्शन ट्रेडिंगपासून, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांपासून, लांब राहा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झालेला दिसला. टेलिग्रामवर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे तोट्याचे टाकत नाहीत.

घरची शेती असेल तर

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्या घरात पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये एकदम येतो, आणि खर्च एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधं, मजुरी असा वर्षभर चालतो. हंगामाची रक्कम आली की आधी पुढच्या छाटणीपर्यंतचा बागेचा खर्च वेगळ्या खात्यात काढा, मग पीककर्ज मुदतीत भरा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या सवलतीसह व्याज शून्यावर येतं, एक दिवस उशीर झाला तर ही सवलत हातची जाते. उरलेल्या रकमेचे बारा भाग करून घरखर्चाच्या खात्यात दरमहा एकेक भाग वळवा. ट्रॅक्टर आणि लग्न यांचा निर्णय हे तीन झाल्यावर. माल देताना व्यापाऱ्याचा चेक, आधारची प्रत आणि सौदापावती घ्या, आणि पहिल्या गाडीचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय दुसरी गाडी भरू नका.

फसवणूक झाली तर पहिला तास

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. तरी गेले तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम समोरच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच असते, दुसऱ्या दिवशी ती पुढे चार खात्यांत गेलेली असते.

'खातं वापरायला दे, महिना पाच हजार घे' असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा, आणि कॉलेजातल्या धाकट्या भावंडालाही सांगा. फसवणुकीचा पैसा फिरवायला अशी खाती लागतात, आणि गुन्हा खातेदाराच्या नावावर येतो.

कर

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही. पण 'कन्सल्टंट' म्हणून घेतलेल्यांचा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला जातो. तो परत मिळवायचा तर प्राप्तिकर रिटर्न भरावंच लागतं. कर नसला तरी भरा, गृहकर्जाच्या वेळी रिटर्न मागतात.

नोकरी सोडताना

पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. ट्रान्सफर केल्यास जुनी सेवा धरली जाते. पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही मोडतात. जुन्या कंपनीने पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकली का ते बघा. टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः टाकू शकता. फुल अँड फायनलचा हिशोब लेखी घ्या, त्यात शिल्लक रजेचे पैसे आणि नोटीस पिरियडची कपात वेगवेगळी दाखवलेली हवी. कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो, त्यामुळे स्वतःची पॉलिसी त्याआधी चालू असली पाहिजे.

पगार येणं थांबलं की सॅलरी खातं काही महिन्यांत, बहुतेक ठिकाणी तीन, साध्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिलकीचा दंड सुरू होऊ शकतो. ते खातं ठेवायचं नसेल तर आधी एसआयपी, विम्याचे हप्ते आणि वीजबिलाचं ऑटो-डेबिट नव्या खात्यावर वळवा, नव्या खात्यातून ते एकदा कापलेले बघा, आणि मगच शाखेत लेखी अर्ज देऊन जुनं खातं बंद करा.